प्लिकर्सची कार्डं: भौतिकशास्त्राच्या तासाला कितपत उपयोगी?

प्लिकर्स हे नाव स्टाफरूममध्ये पहिल्यांदा काढलं तेव्हा केमिस्ट्रीच्या सरांनी "नवीन बिस्कीट आलंय का?" असं विचारलं. बिस्कीट नाही. कागदाची कार्डं आहेत आणि ती वाचणारं एक मोबाइल ॲप. मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते, आणि एफ.वाय.च्या मेकॅनिक्सच्या तासाला ही कार्डं वापरते. पाचपैकी चार गुण देईन. एक का कापला ते पुढे येईलच.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. प्रत्येक कार्डाच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक आकृती असते, क्यूआर कोडच्या जातकुळीतली. चार बाजूंना अगदी बारीक टायपात ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड छातीसमोर धरायचं. मी फळ्याजवळ उभी राहून मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवते. ॲप एका झटक्यात चार-पाच कार्डं वाचतं, आणि कोणत्या नंबराने कोणता पर्याय दाखवला ते माझ्या स्क्रीनवर उमटत जातं. पन्नासेक पोरांचं मिनिटभरात उरकतं. प्रत्येक नंबराची आकृती वेगळी, त्यामुळे शेजारणीने कार्ड कसं धरलंय ते बघून तसंच धरायला गेलं तर उत्तर भलतंच लागतं. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो नक्की कधीतरी पर्यवेक्षक म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारत असणार.

विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल लागत नाही, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. ऑनलाइन चाचण्यांची बाकीची साधनं मी पाहिली आहेत. गूगल फॉर्म पाठवला की निम्म्यांचं रिचार्ज संपलेलं असतं, उरलेल्यांपैकी निम्म्यांना रेंज नसते, आणि ज्यांना दोन्ही आहे ते प्रश्नाशेजारीच रील बघत बसतात. कहूटमध्ये मजा येते, पोरं ओरडतात, पण तिथे लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली पोरगी इंग्रजी प्रश्न दोनदा वाचते, मग विचार करते. तिला घड्याळाशी शर्यत लावायला लावून मला काय कळणार? प्लिकर्समध्ये ही घाई नाही. प्रश्न मराठीत टाइप करता येतो. समीकरणं टाइप करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कागदावर लिहून फोटो टाकते.

कार्डांची पीडीएफ प्लिकर्सच्या साइटवर फुकट मिळते. चाळीस कार्डांचा संच आणि त्रेसष्ट कार्डांचा संच, पानावर दोन कार्डं. झेरॉक्सवाल्याला जाड कागदावर मारायला सांगा, आणि तो "लॅमिनेशन करून देऊ का मॅडम, टिकाऊ होईल" म्हणाला की नको म्हणा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि आकृतीचा काही भाग कॅमेऱ्याला दिसतच नाही. मी जुन्या प्रॅक्टिकल जर्नलांचे पुठ्ठे कापून त्यांवर कार्डं चिकटवली. शिपाई मामांनी त्यांना रबरबँड लावून रिकामा खोका दिला, तो फिजिक्स लॅबच्या कपाटात असतो. पोरांना एकच सवय लावावी लागते, कार्ड कडेला धरायचं. आकृतीवर अंगठा आला की ते कार्ड वाचलं जात नाही, आणि मग "सतरा नंबर, अंगठा!" असं ओरडावं लागतं.

आता प्रत्यक्ष तास. न्यूटनचा तिसरा नियम ही पोरं नववीपासून पाठ करून आलेली असतात. क्रियाबल, प्रतिक्रियाबल, समान, परस्परविरुद्ध, सगळं सुरात म्हणतात. मी फळ्यावर लिहिते: एसटी आणि स्कूटी यांची समोरासमोर टक्कर झाली. टक्कर होत असताना कोणी कोणावर जास्त बल लावलं? ए, एसटीने स्कूटीवर. बी, स्कूटीने एसटीवर. सी, दोघांनी एकमेकांवर सारखंच. डी, एसटीचा वेग किती होता त्यावर अवलंबून. कार्डं वर येतात. पाऊण वर्ग ए. हुशार म्हणवणारे डी. सी दाखवणारे इकडेतिकडे चार-दोन.

इथे मी बरोबर उत्तर सांगत नाही. प्रोजेक्टर चालू असेल तर त्यावर कोणाकोणाची कार्डं वाचली गेली एवढंच दिसतं. बरोबर कोण, चूक कोण हे मी उघड केल्याशिवाय दिसत नाही. मग सांगते, शेजारच्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं असेल तर दोन मिनिटं भांडा. आणि मी बाकांमधून फिरत ऐकते.

"एसटीला खरचटलं तरी असेल का गं?"

"नसेल. पण म्हणून बल कमी लागलं असं कुठंय? स्कूटी हलकी आहे, तेवढ्याच बलाने ती उडते."

"मग एसटी का नाही उडत?"

"तिचं वस्तुमान बघ की किती!"

हे संभाषण मी पाऊण तास फळ्यावर घाम गाळूनही घडवू शकले नसते. बल सारखं, वस्तुमान वेगळं, म्हणून त्वरण वेगळं. दुसऱ्या नियमाने तिसऱ्याची बाजू सावरली, आणि तीही एका पोरीने दुसरीला समजावताना. दुसऱ्यांदा कार्डं वर केली की सी फुगलेला असतो. ए पूर्ण जात नाही, पण आता मला माहीत असतं की पुढची दहा मिनिटं कशावर घालवायची.

मोबाइलवर आणखी एक दिसतं. एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नाही, हजेरीला "प्रेझेंट" म्हणते तेही ओठांतल्या ओठांत. तिचं कार्ड पहिल्याच फेरीत सी होतं. चेंडू वर फेकला आणि वरच्या टोकाला क्षणभर थांबला, तेव्हा त्याचं त्वरण किती, या प्रश्नालाही बाकीचा वर्ग "शून्य" म्हणत असताना तिने बरोबर पर्याय धरला होता. तोंडी प्रश्न विचारले की पहिल्या बाकावरची तीच ती तिघं-चौघं उत्तरं देतात आणि मला वाटतं वर्गाला समजलं. कार्डांमुळे हा गोड गैरसमज टिकत नाही.

ही पद्धत प्लिकर्सवाल्यांची नाही, माझी तर नाहीच. हार्वर्डचे एरिक मॅझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात असं शिकवत आले. त्यांचा ठोकताळा सोपा आहे. पहिल्या फेरीत तीस टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर पुन्हा शिकवा, सत्तरच्या वर असतील तर पुढे चला, मधे असतील तर त्यांना आपापसांत बोलू द्या. १९९२ साली हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बल आणि गतीच्या कल्पनांवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, सूत्र नाही, फक्त समज. ट्रक आणि मोटारीच्या टकरीचा प्रश्न त्यातलाच, मी त्याची एसटी केली. ही चाचणी सत्राच्या सुरुवातीला घ्यायची आणि शेवटी पुन्हा घ्यायची. जेवढं यायचं राहिलं होतं त्यातलं किती आलं हे मोजायचं. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अशा ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र मांडले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३ निघाली, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ०.४८. म्हणजे चांगल्या-वाईट सगळ्या प्राध्यापकांचं मिळून, उरलेल्यातलं पाव सुद्धा व्याख्यानाने शिरत नाही. व्याख्यान देऊन पोट भरणाऱ्या माणसाने हा आकडा स्टाफरूममध्ये जपून उच्चारावा.

आता आमच्या कॉलेजात "मूल्यमापन" म्हणून जे चालतं त्याच्याशी हे ताडून बघते, कारण त्याशिवाय या पुठ्ठ्यांची किंमत कळत नाही.

प्रत्येक विषयाला कोर्स आउटकम (सीओ) लिहायचे: विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे. ते प्रोग्राम आउटकमला, म्हणजे अख्ख्या पदवीनंतर काय यायला हवं त्याला, जोडायचे. परीक्षेच्या प्रत्येक प्रश्नापुढे त्याचा सीओ नंबर लिहायचा. मग ठरवलेल्या टक्क्यांच्या वर किती पोरं गेली ते मोजून लेव्हल एक, दोन किंवा तीन; याला म्हणायचं अटेनमेंट. इंजिनिअरिंगच्या मंडळींना हे त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएमुळे चांगलंच पाठ आहे, भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशात मानण्याचा करार) पूर्ण सदस्य झाल्यापासून तर फारच. आम्हा सायन्स-आर्ट्सवाल्यांकडे ते कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वाटेने आलं. मूळ कल्पना वाईट नाही. "विद्यार्थी मुक्त वस्तूचं बलचित्र काढू शकेल" (वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) असं एकदा लिहिलं की आपण वर्षानुवर्षं बलचित्र स्वतःच फळ्यावर काढत होतो, पोरांकडून काढून घेतच नव्हतो, हे उजेडात येतं. तेवढ्यासाठी तरी मी त्या तक्त्यांना नावं ठेवणार नाही.

पण तक्ता भरला जातो सत्र संपल्यावर, आणि भरला जातो अंतर्गत गुणांवरून. अंतर्गत गुणांचा अलिखित नियम महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. वीसपैकी अठराच्या खाली कोणाला द्यायचं नाही. मग अटेनमेंट तीन येणार नाही तर काय येणार? एका कॉलेजने यासाठी वर्षाला पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलंय, नाव कशाला घ्या. एक्सेलमधले गुण त्यात चढवले की रंगीत खांब उभे राहतात. खांब सुरेख असतात. आत गेलेलं धान्यच जर तसं, तर चक्कीचा काय दोष? आणि एखादा खांब चुकून आखूड निघाला तर शेवटच्या रकान्यात लिहायचं, "एक्स्ट्रा लेक्चर्स कंडक्टेड". ती पोरं तोवर एस.वाय.ला गेलेली असतात. वरातीमागून घोडं.

स्लो लर्नर आणि ॲडव्हान्स्ड लर्नर अशा दोन याद्या करायच्या, हा दुसरा प्रकार. बारावीच्या गुणांवरून, ऑगस्टमध्ये. वर जिचं सांगितलं ती न बोलणारी मुलगी आमच्या स्लोच्या यादीत होती.

विद्यार्थ्यांचं म्हणणंही विचारलं जातं, नाही असं नाही. नॅकचं समाधान सर्वेक्षण एकवीस प्रश्नांचं असतं, त्यातला शेवटचा मोकळा, सुचवा काय ते. त्यात आमची पोरं बहुतेक कँटीन आणि स्वच्छतागृहाबद्दल लिहितात, आणि त्यांचं चुकतं असं मला अजिबात वाटत नाही.

प्लिकर्सचा फायदा या सगळ्यासमोर एवढाच की उत्तर वेळेवर येतं. मंगळवारी सव्वाअकराला कळतं की वर्गाला तिसरा नियम पाठ आहे पण समजलेला नाही, आणि साडेअकराला त्यावर काहीतरी करता येतं. पोरं समोरच बसलेली असतात.

आणि त्याला गुण नसतात. ही अट मोडली की खेळ संपला. आमच्या आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयक सरांनी रिपोर्टची प्रिंट पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "मॅडम, हे इंटर्नलला धरा की. पुरावा आयता मिळतोय." मी नको म्हटलं. शेजारच्या तुकडीत मात्र धरले गेले. दोनच आठवड्यांत तिथल्या पोरांनी बंदोबस्त केला: पहिल्या बाकावरचा हुशार पोरगा कानाला हात लावायचा म्हणजे ए, नाक खाजवलं म्हणजे बी, चष्मा सावरला म्हणजे सी. डीसाठी काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कार्डाची आकृती प्रत्येकाची वेगळी ठेवून नक्कल अडवणाऱ्याने नाकाचा विचार केला नव्हता. त्या तुकडीचे निकाल अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर येऊ लागले, आणि शिकवणाऱ्याला त्यातून काडीचंही समजेना. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. ज्यांना फक्त शेरा मिळाला ती सुधारली, ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले ती नाही. गुण दिसले की शेरा कोण वाचतो? तपासलेली उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर आपण स्वतः काय करत होतो ते आठवा.

हजेरीसाठीही ही कार्डं वापरू नका. तिसऱ्या बाकावरचा एक महाभाग दोन्ही हातांत एकेक कार्ड धरून बसला होता. दुसरं कार्ड ज्याचं, तो मित्र स्टँडवर वडापाव खात होता. गंमत म्हणजे मित्राचं उत्तर बरोबर होतं आणि याचं चूक.

आता कापलेल्या गुणाबद्दल. पहिली अडचण संख्येची. त्रेसष्टच्या वर कार्डं नाहीत, आणि आमच्याकडे एफ.वाय.ची तुकडी कधीकधी शंभरीला टेकते. तेव्हा मी बाकावरच्या दोघींत एक कार्ड देते. त्यांना आधी आपसांत ठरवावं लागतं, म्हणजे भांडण पहिल्या फेरीतच सुरू होतं. शिकण्याच्या दृष्टीने हे चांगलंच, पण कोणाला काय आलं ही नोंद मग गेली. मोठ्या हॉलमध्ये मागच्या रांगेतली कार्डं वाचायला मला मधल्या जागेपर्यंत चालत जावं लागतं. साइटवर मोठ्या आकाराची कार्डंही आहेत, पानाला एक, पण ती पोरांना नीट धरता येत नाहीत आणि पुढच्याच्या डोक्याआड जातात. पावसाळ्यात वीज गेली की वर्गात काळोख, आणि काळोखात कॅमेरा आंधळा. त्या दिवशी बोटं वर करायला सांगायची: एक, दोन, तीन, चार.

दुसरी अडचण मोठी. चारच पर्याय. डेरिव्हेशन कुठे अडलं, गणितात चिन्ह कुठे चुकलं, आलेखाच्या अक्षांवर एकक लिहिलं का, यातलं काहीच कार्डाला कळत नाही. प्रॅक्टिकलच्या बाबतीत तर विचारूच नका. बारीक मापं मोजायचा व्हर्निअर वाचता येतो की नाही हे पोराच्या हातात व्हर्निअर देऊनच बघावं लागतं.

आणि प्रश्न तयार करणं. यात ॲप कसलीही मदत करत नाही. बरोबर पर्याय लिहायला अर्धं मिनिट लागतं, चुकीचे तीन लिहायला एखादी संध्याकाळ जाते. चुकीचा पर्याय असा हवा की पोराला तो खरा वाटला पाहिजे, आणि तो का खरा वाटला हे मला माहीत असलं पाहिजे. माझ्याकडे एक जुनी दोनशे पानी वही आहे. पेपर तपासताना जी चूक वारंवार दिसते ती मी तीत टिपते, पोरांच्याच शब्दांत. "वस्तू फिरताना बाहेरच्या दिशेने फेकली जाते कारण बल संपतं." असलं वाक्य कुठल्याही गाइडात मिळणार नाही. ते चार पर्यायांत टाकलं की अर्धा वर्ग हमखास तेच कार्ड धरतो.

विद्यार्थ्यांची नावं ॲपमध्ये घालू नका, नुसते रोल नंबर पुरतात. परक्या कंपनीच्या सर्व्हरवर आपल्या पोरांच्या चुकांची यादी नावानिशी कशाला?

कोणी म्हणेल, एवढं ॲप वगैरे कशाला, चार रंगांचे कागद दिले तरी झालं. बरोबर आहे. कॅनडातले नॅथनिएल लॅसरी यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. एका वर्गाला इलेक्ट्रॉनिक क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायचं यंत्र), दुसऱ्याला साधी कार्डं, पद्धत तीच. शिकण्यात फरक पडला नाही. तेव्हा क्लिकरवर पैसे खर्च करायला लावणारा विक्रेता दारात आला तर त्याला हे ऐकवा. रंगीत कागदांपेक्षा प्लिकर्स वरचढ ठरतं ते दोन बाबतींत. एकमेकांचं दिसत नाही, आणि नोंद राहते. रंगीत कागदात लाल जास्त दिसले की कुंपणावरची पोरं हळूच लाल उचलतात. आणि दिवाळीनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आधी कोण कुठे होतं हे वहीत न लिहिताही सापडतं.

राहिला प्रश्न पैशांचा. फुकटच्या खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात. जास्त हवे असतील तर वर्गणी भरून प्रो घ्यायचं. मी घेतलेलं नाही आणि कॉलेजकडे मागितलेलंही नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात हजेरी घेऊन, भांडणं लावून, दुसरी फेरी करून तीन प्रश्न झाले तरी डोक्यावरून पाणी.